पाणी कमवायचं म्हणे!

हो, मीच बोलतेय. बाटली. स्टीलची, पाऊण लिटरची, झाकणाला कडी असलेली. पोटाशी एक मोठा पोचा आहे, त्याची हकिगत येईलच. आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. गोड बोलणारी बाटली हवी असेल तर सरबताच्या दुकानात जा.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या एका गोल चकतीला दाबलं, ओढलं, तासलं, घासलं आणि मला बाटलीचं रूप दिलं. शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाली बाई बसायची. ती प्रत्येक बाटलीत पाणी भरायची, झाकण लावायची आणि बाटली कोऱ्या कागदावर उलटी ठेवायची. कागद भिजला की बाटली बाद. माझा कागद कोरडा राहिला. "पास!" ती म्हणाली. मला काय तो आनंद! वाटलं, आता जन्मभर तहानलेल्यांच्या घशात पाणी ओतायचं. भोळी होते मी.

माझी पहिली मालकीण विम्याच्या ऑफिसात कामाला होती. वार्षिक सभेत सगळ्यांना एकेक बाटली वाटली, त्यात मी तिच्या वाट्याला आले. तीन वर्षं तिच्या टेबलावर उभी होते. सोमवारी ती पाणी भरायची, शुक्रवारी तेच पाणी कुंडीत ओतायची. मधल्या दिवसांत बाईसाहेब चहा पीत. "मी भरपूर पाणी पिते गं," असं मैत्रिणींना सांगताना माझ्याकडे बोट मात्र दाखवायची. माणसांचं हे असंच असतं. वस्तू घेतली की काम झालं असं त्यांना वाटतं.

एके दिवशी तिनं मला पिशवीत टाकलं आणि आपल्या वहिनीला देऊन टाकलं. "नवीकोरी आहे गं वहिनी. तुझ्या भट्टीपाशी कामाला येईल."

ही वहिनी म्हणजे आमची बाई. जिच्यासाठी मी आज एवढी तणतणतेय, ती.

बाई बेकरीत होती. भट्टीवर. पहाटे पाचला कामावर हजर. पिठाचे गोळे ट्रेमध्ये मांडायचे, ट्रे लांब दांड्याच्या फळीनं आत सरकवायचे, भाजलेला पाव बाहेर ओढायचा. दुपारी एकपर्यंत हेच. हातावर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग. पण पाणी कसं प्यायची सांगू? झाकण उघडून, मान मागे टाकून, घटाघटा, डोळे मिटून. पहिल्याच दिवशी तिनं मला तीनदा रिकामं केलं. माझा जन्म त्या दिवशी झाला म्हणा ना.

बाईचं वय चव्वेचाळीस. नवरा सोफ्यांची कापडं शिवायचा. मुलगी नववीत. या मुलीनं एकदा शाळेचा कसलासा फॉर्म घरी आणला. त्यात वडिलांची आवड, आईची आवड असे रकाने होते. वडिलांपुढे तिनं लिहिलं, 'जुनी गाणी ऐकणे'. आईपुढे लिहिलं, 'काही नाही'. पोरीच्या मनात खोट नव्हती. तिला खरंच काही आठवलं नाही. बाईनं तो फॉर्म वाचला, सही केली आणि भांडी घासायला बसली. त्या दिवशी एकच पातेलं ती किती वेळ घासत होती!

आठवड्यानं जेवताना तिनं जाहीर केलं, "मी मॅरेथॉन पळणार आहे. पूर्ण. बेचाळीस किलोमीटर."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "अगं, चाळिशी उलटली तुझी. बस पकडायला पळतेस तेवढं पुरे की!"

"शाळेत असताना पळायचे मी. तुम्ही विचारलंत कधी?"

नवऱ्यानं हातातला घास तोंडात टाकला. तसा माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या उरलेल्या जाड कापडातून त्यानं माझ्यासाठी अंगरखा शिवला. दोन पट्टे लावले, म्हणजे मला पाठीवर बांधून पळता येईल. मुलगी रोज तो अंगरखा भिजवून द्यायची, की आतलं पाणी गार राहावं. मी तर नव्या नवरीसारखी मिरवत होते.

शर्यत उन्हाळा सरल्यावर होती. म्हणजे तयारी ऐन उन्हाळ्यात. जो तो सल्ला द्यायचा, "पहाटे पळावं, गारव्यात." अहो शहाण्यांनो, पहाटे ती तुमचा पाव भाजत असते! तुम्ही गारव्यात पळून येता आणि गरम पाव खाता, तो काय आभाळातून पडतो? बाईला मोकळा वेळ मिळायचा तो दुपारी तीननंतर. डांबर पायाखाली मऊ व्हायचं, तेव्हा.

तेव्हाच पळणारी एक टोळी होती. सगळी पाळ्यांमध्ये काम करणारी माणसं. नऊ-दहा जण. शहराच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालणारा रस्ता होता, एक फेरी दीड किलोमीटरची. मजा बघा. आत लाखो लिटर पाणी आणि बाहेर कोरड्या घशानं पळणारी माणसं.

कोरड्या घशानं का? तर मास्तरांमुळे. आता माझ्या तळपायाची आग मस्तकात जाईल. मला तळपाय नाही नि मस्तकही नाही, तरी जाईल.

मास्तर म्हणजे निवृत्त खेळशिक्षक. वय अडुसष्ट, अंगावर मूठभर मांस नाही, गळ्यात शिट्टी. फुकट शिकवायचे, मनापासून शिकवायचे, एक दिवस चुकवायचे नाहीत. सगळ्यांना धंद्यावरून हाक मारायचे. टोळीत एक पोस्टमन होता, तो 'पोस्ट'. आमच्या बाईला पहिल्याच दिवशी नाव पडलं, 'भट्टी'.

"भट्टीला काय ऊन लागणार!" मास्तर म्हणाले. सगळे हसले, बाईही हसली. तिला ते नाव आवडलं. मला तेव्हाच ते टोचलं होतं.

मग मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. "हे पाठीवर काय बिऱ्हाड? बाटली कट्ट्यावर ठेवा. इथं पाणी कमवायचं असतं. ठरलेल्या फेऱ्या पूर्ण, मग पाणी. मध्ये घोट घेतला की पाय जड होतात आणि मन त्याहून जड होतं. मी वीस वर्षं असाच पळालो. काही झालं का मला?"

झालं! माझी रवानगी कट्ट्यावर. नऊ बाटल्या ओळीनं, तोंडं बंद करून. तहान लागल्यावर विहीर खणतात म्हणे. इथे विहीर भरून ठेवली होती आणि तहान लागली असं म्हणायलाच बंदी. जो पाणी मागेल त्याला मास्तर 'बर्फी' म्हणायचे. का, तर लगेच वितळतो. चाळीस-चाळीस वर्षांची माणसं, पण एका चिडवण्याला भिऊन घसा कोरडा ठेवायची. शाळा सुटली तरी मास्तरांची भीती काही सुटत नाही.

आणि मास्तरांची एक मोठी शिकवण होती. ती नीट ऐका, कारण घात तिनं केला.

"उन्हात पळता पळता एक वेळ येते," ते डोळे बारीक करून सांगायचे, "अंग गार पडतं. काटा येतो. ऐन उन्हात थंडी वाजते! ते ज्याला झालं, तो तयार झाला. मग ऊन त्याचं काही वाकडं करू शकत नाही."

टोळी त्या गारव्याची वाट बघायची, निकालाची बघावी तशी. "पोस्ट, आलं का गार?" "कुठलं हो मास्तर, नुसता शिजतोय!" असे विनोद चालायचे. बाई बोलायची नाही, पण घरी मुलीला एकदा म्हणाली, "मला सगळ्यात आधी गार वाटणार बघ. मी भट्टी आहे." तिला ते बक्षीस हवं होतं. आयुष्यात फारशी बक्षिसं न मिळालेल्या माणसाला असली खोटी बक्षिसं फार लवकर खरी वाटतात.

मी ओरडून सांगितलं असतं, बाई, तू सकाळपासून आठ तास भट्टीसमोर घाम गाळून आली आहेस. इतर जण टाकी भरून येतात, तू अर्धी रिकामी होऊन येतेस. तुझा हिशोब निराळा आहे! पण मी ओरडणार कशानं? माझ्या तोंडाला तर झाकण.

सातव्या आठवड्यात तो दिवस आला. वारा मेला होता. टाकीचा रखवालदारसुद्धा खोलीबाहेर येत नव्हता. त्या दिवशी बेकरीत एक कामगार आला नव्हता, म्हणून बाईनं दोघांचं काम एकटीनं ओढलं होतं. डोकं दुखतंय असं घरातून निघतानाच म्हणाली. नवरा म्हणाला, "आज राहू दे की." पण आज बारा फेऱ्या होत्या, सगळ्यात लांब पल्ला. ती राहू देणारी नव्हती. तिनं मला काठोकाठ भरलं, झाकण घट्ट पिळलं आणि कट्ट्यावर ठेवलं.

पाचव्या फेरीपर्यंत तिचा चेहरा लाल होता आणि घामानं निथळत होता. सातव्या फेरीला ती माझ्यासमोरून गेली तेव्हा मी बघितलं, घाम थांबला होता. कपाळ कोरडं. दंड कोरडे. आठव्या फेरीला पाय वाकडेतिकडे पडत होते. तिनं कट्ट्याकडे बघितलं. माझ्याकडे! हात थोडा पुढेही आला. मास्तरांनी शिट्टी फुंकली, "भट्टी! चारच राहिल्या!" हात मागे गेला.

नवव्या फेरीला ती हसत आली. तिच्या हातांवर सरसरून काटा आला होता.

"मास्तर," ती म्हणाली, जीभ जड झाली होती, "गार वाटतंय हो! मला गार वाटतंय!"

आणि लोकहो, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

कसं सांगू तुम्हाला! फेऱ्या पूर्ण केलेले दोघे कट्ट्यावर उभे राहून टाळ्या पिटत होते. मास्तरांचे डोळे भरून आले. "शाब्बास! पहिली! बघा, चव्वेचाळीस वर्षांची बाई तुमच्याआधी तयार झाली!" एक मरायला टेकलेली बाई आणि तिच्याभोवती कौतुक. मी तिच्यापासून चार हातांवर, पाऊण लिटर गार पाणी पोटात घेऊन बसले होते. एवढा संताप मला कधी आला नव्हता. उकळले असते तर बरं झालं असतं, निदान वाफेनं शिट्टी तरी वाजली असती.

ती वळणापर्यंत गेली आणि कोसळली. हात टेकायचंसुद्धा भान नव्हतं.

सगळ्यात आधी पोस्टमन धावला. धावताना त्यानं हाताला आली ती बाटली उचलली, म्हणजे मी. झाकण काही निघेना. थेंब गळत नाही म्हणून पास झालेली मी! त्या क्षणी मला माझ्या त्या गुणाची किळस आली. त्यानं मला दगडावर दोनदा आपटलं, तो हा पोचा. तेव्हा कुठे झाकण फिरलं.

"तोंडात घाला पाणी, तोंडात!" मास्तर ओरडले.

"शुद्ध नाही तिला, ठसका लागून जाईल!" पोस्टमन मास्तरांवर पहिल्यांदाच खेकसला. "अंगावर ओता! मानेवर, काखेत! आमच्या पोस्टात दर उन्हाळ्यात शिकवतात. सगळ्या बाटल्या आणा! आणि त्या रखवालदाराला नळी सोडायला सांगा!"

मी तिच्या मानेवर रिकामी झाले. मग बाकीच्या आठ जणी. मग टाकीची नळी. तिला सावलीत ओढलं, ओले टॉवेल घातले, पुठ्ठ्यांनी वारा घातला. बाईचे डोळे अर्धे उघडे होते आणि ती कुणालाच ओळखत नव्हती. "ट्रे काढा, करपतील," एवढंच पुटपुटत होती.

रुग्णवाहिका यायला वीस मिनिटं लागली. पोस्टमन मला हातात धरूनच तिच्यासोबत बसला, खाली ठेवायचं त्याला सुचलंच नाही.

दवाखान्यात नवरा धावत आला, हाताला शिलाईचे दोरे चिकटलेले. डॉक्टरीणबाईंना तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "अहो, ती भट्टीवर काम करते. तिला उन्हाची सवय आहे."

डॉक्टरीणबाई चिडल्या. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. "आठ तास भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या बाईला तुम्ही परत उन्हात पळवलंत, आणि तेही पाण्याशिवाय? ताप एकशे सहाच्या वर होता. जागच्या जागी अंग गार केलं म्हणून वाचल्या. थंडी वाजायला लागणं, काटा येणं, ही शरीराची शेवटची बोंब असते. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात?"

नवऱ्यानं नव्हत्या वाजवल्या. पण मान त्यानं खाली घातली. मास्तर बाहेरच्या बाकावर बसून होते. आत यायची त्यांची हिंमत झाली नाही. संध्याकाळी उठून निघून गेले.

बाई अकरा दिवस दवाखान्यात होती. मूत्रपिंडांना इजा झाली होती. ती हळूहळू सावरली. पण घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "भट्टी बंद. उन्हात पळणं बंद. एकदा असं झालेल्या शरीराला पुन्हा व्हायला वेळ लागत नाही. पुढच्या वर्षी बघू. शब्द देत नाही."

बेकरीनं तिला काउंटरवर बसवलं. शेजारपाजारचे येऊन म्हणायचे, "कुणी सांगितले होते हे नसते उद्योग?" एकीनं तर "हौसेला मोल नसतं" असंही ऐकवलं. बाई ऐकून घ्यायची. मी शेल्फवर कुढत बसायचे. अरे, हौस कुठे चुकली? नियम चुकला! पण नियमाला कुणी बोल लावत नाही. पडलेल्या माणसाला लावतात, तो आयताच खाली असतो ना.

एका दुपारी पोस्टमन पत्र टाकायला आला आणि दारातच घुटमळला. "ताई, मी सोडली टोळी. मास्तरांनी परत सुरू केलंय. औषधाच्या दुकानातली एक नवी पोरगी आलीय. नियम तोच आहे. म्हणतात, एक अपघात झाला म्हणून शिस्त सोडायची नसते."

बाईनं मला उचललं, काठोकाठ भरलं, अंगरखा भिजवला, पदर डोक्यावर घेतला आणि निघाली. मुलगी "आई, ऊन आहे!" म्हणत छत्री घेऊन मागे पळाली.

टाकीपाशी सगळं जसंच्या तसं. कट्ट्यावर बाटल्यांची ओळ, मास्तरांच्या गळ्यात शिट्टी. नवी पोरगी वळणावरून येत होती, चेहरा लालबुंद, ओठ पांढरे. बाई सरळ रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. माझं झाकण उघडून मला पुढे धरलं.

"थांब. पी."

पोरगी थांबली. पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं मास्तरांकडे बघितलं.

मास्तर जवळ आले. बाईला उभी पाहून त्यांचा आवाज कापला, तरी म्हणाले, "बाई, बरं वाटतंय ना आता? पण ही ओळ मोडू नका. अजून तिच्या चार—"

"मास्तर, मी नऊ फेऱ्या मारल्या त्या दिवशी. पाणी कमवलं का हो मी? की तीन कमी पडल्या?"

नव्या पोरीनं धापा टाकत गुडघ्यांवर हात टेकले.

"मी मेले असते," बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "मला गार वाटलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ही पोरगी तुमच्या तोंडाकडे बघतेय. तुम्ही प्यायल्याशिवाय ती पिणार नाही. म्हणून आधी तुम्ही प्या. सगळ्यांसमोर. आत्ता."

मास्तरांनी मला हातात घेतलं. बराच वेळ ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी मला ओठाला लावलं. एक घोट. दुसरा. आणि मग त्यांना थांबताच येईना. वीस वर्षांत रस्त्यावर न प्यायलेलं सगळं पाणी जणू त्यांना एकदम हवं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पीतच होते. मी त्यांना माफ केलेलं नाही, हे लक्षात ठेवा. पण पाणी मी अडवलं नाही.

शेवटचा थेंब संपल्यावर त्यांनी मला बाईच्या हातात परत दिलं, गळ्यातली शिट्टी काढली आणि खिशात घातली. "प्या रे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सगळे प्या. दर फेरीला प्या. मी चुकलो."

टोळी कट्ट्याकडे धावली. झाकणं उघडली, घटाघट आवाज सुरू झाले. पोरगी पाणी पिता पिता रडत होती. मास्तर तोंड झाकून बसले होते. मग सगळे जण पुन्हा पळायला निघाले, बाटल्या हातात घेऊन.

बाई कट्ट्यावर बसली. पळणाऱ्यांचे पाय तिच्यासमोरून जात होते. एक फेरी गेली, दुसरी गेली. पाय जमिनीवरच होते तिचे, पण पोटऱ्या नुसत्या उडत होत्या. मुलीनं छत्री धरली होती. अचानक बाईनं मला छातीशी घट्ट धरलं आणि हंबरडा फोडला.

"मला पळायचं होतं गं! मला पळायचं होतं!"

मुलीला काय करावं ते कळेना. बाई रडून रडून कोरडी पडली, तिला ठसका लागला, आणि तिनं सवयीनं मला तोंडाला लावलं. मान मागे टाकली, डोळे मिटले.

आणि मी रिकामी! ठणठणीत रिकामी! जिनं सगळ्यांना पाणी प्यायला लावलं, तिच्यासाठी माझ्याकडे एक थेंब नाही. समोर लाखो लिटरची टाकी, रस्त्यावर पाणी असलेल्या सात-आठ बाटल्या, आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

अरे, काय बघत बसलात? कुणीतरी भरा रे मला!